व्हीटीचा थोरला भाऊ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘गिरगावच्या आठवणी’ हा विषय दिला होता. मी नको म्हटलं. पन्हं, गणपती आणि मॅटिनी यांवर लिहिणारे आपल्या बॅचमध्ये निदान सहा जण आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मी महापालिकेच्या पाणी खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. पाइप, गळती आणि दाब हे माझे विषय. पण एका इमारतीचा इतिहास सांगायचा आहे, आणि तो सांगणं मी बाईंना लागतो.

आठवीत असताना, म्हणजे १९७२ साली, इतिहासाच्या बाईंनी आपल्याला दोन-दोनच्या रांगेत शाळेतून चालवत धोबीतलावमार्गे व्हीटीला नेलं होतं, आठवतं? वहीत प्राणी लिहून आणायचे होते, जो जास्त शोधील त्याला पेन्सिल. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ सगळ्यांनाच मिळाले. सिंह विलायतेचा आणि वाघ आपला, हे बाईंनी तिथेच उभं राहून सांगितलं. परतताना कुणीतरी विचारलं, “बाई, असं स्टेशन जगात आणखी कुठे आहे का?” बाई म्हणाल्या, “याचा थोरला भाऊ लंडनला असतो. पंधरा वर्षांनी मोठा. पण सध्या त्याचे दिवस बरे नाहीत.”

बाई संमेलनाला येणार आहेत असं कळलं. बाई, तुमच्या त्या थोरल्या भावाची विचारपूस करून आलो. त्याचे दिवस आता फार बरे आहेत. इतके बरे, की मला जरा विचारात पडायला झालं.

मुलगी हॅरोला राहते. तिथून मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉसला उतरलो, बाहेर आलो आणि वर पाहिलं. लाल विटांचा डोंगर. टोकदार कमानी, चिमण्यांचे जुडगे, एका टोकाला उंच घड्याळाचा मनोरा, दुसऱ्या टोकाला त्याला जोड देणारा दुसरा मनोरा, आणि मधली इमारत रस्त्याच्या वळणाबरोबर चक्क वाकलेली. आपल्या व्हीटीला घुमट आहे, याला नाही. व्हीटीला ऐसपैस अंगण आहे, याला रस्त्यालगत चढ. पण चेहरेपट्टी घरातलीच. काका पहिल्यांदाच भेटावेत आणि त्यांचं नाक पाहून हसू यावं, तसं झालं.

याचं जन्मनाव मिडलंड ग्रँड हॉटेल. मिडलंड रेल्वे ही इंग्लंडच्या मधल्या भागातली कंपनी. कोळसा, बिअर आणि प्रवासी लंडनला आणायचे तर दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवरून, त्यांच्या मर्जीने आणावे लागत. शेवटी तिने स्वतःचे रूळ लंडनपर्यंत टाकले आणि १८६८ च्या १ ऑक्टोबरला सेंट पँक्रस स्टेशन उघडलं. शेजारी दुसऱ्या कंपनीचं किंग्ज क्रॉस, पलीकडे तिसरीचं यूस्टन. तेव्हा नवीन आलेल्याने सगळ्यात उंच घर बांधायचं, हा न्याय कंपन्यांनाही लागू होतो.

स्टेशनची शेड विल्यम बार्लो नावाच्या अभियंत्याची. हिच्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिणार, वाचणाऱ्यांनी सोसावीत. रूळ रीजंट्स कालव्यावरून यायचे, म्हणून स्टेशनात पोचेपर्यंत ते रस्त्यापेक्षा एक मजला उंच राहिले. मग खाली आपोआप तळघर मिळालं. बार्लोने वर मधे एकही खांब न ठेवता सुमारे २४० फुटांचं एकसंध कमानीचं छत टाकलं. तेव्हा जगात एवढं मोठं दुसरं नव्हतं. कमान बाहेर फाकू नये म्हणून तिला ताण देणाऱ्या तुळया लागतात, त्या त्याने फलाटाच्या जमिनीतच लपवल्या. म्हणजे आपण ज्यावर उभे राहतो तीच जमीन डोक्यावरचं छत धरून ठेवते. आणि तळघरातल्या लोखंडी खांबांमधलं अंतर त्याने कशावरून ठरवलं? बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांवरून. पिंपं नीट रचता आली पाहिजेत, एवढाच हिशेब. आज त्याच पिंपांच्या जागेत पॅरिसची गाडी पकडणारे लोक पासपोर्ट दाखवतात.

शेडच्या पुढच्या हॉटेलसाठी कंपनीने स्पर्धा लावली. मागितलं होतं दीडशे खाटांचं हॉटेल. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने त्याहून कितीतरी मोठं आणि सगळ्या स्पर्धकांत महागडं चित्र काढलं आणि तोच जिंकला. मधे पैशांची ओढाताण झाली तेव्हा एक मजला कापला, तरीही अखेर खर्च ४,३८,००० पौंडांवर गेला. ५ मे १८७३ रोजी हॉटेल उघडलं. खोल्या तीनशे. पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट होती, आगीला दाद न देणाऱ्या जाड काँक्रीटच्या जमिनी होत्या, आणि मधोमध दोन्ही बाजूंनी वळत चढणारा जिना होता. त्या जिन्याकडे पुन्हा येऊ.

हा स्कॉट आपल्याला परका नाही. फोर्टात विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आहे ना, आणि शेजारी राजाबाई टॉवर? दोन्ही याचीच. मुंबईत पाऊल न ठेवता त्याने नकाशे लंडनहून पाठवले. सभागृह १८७४ ला पुरं झालं, टॉवर १८७८ ला. टॉवरसाठी पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आणि त्यांच्या आईचं नाव टॉवरला लागलं. त्याच १८७८ साली स्कॉट वारला आणि त्याच साली फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आपल्या व्हीटीचं काम काढलं. स्टीव्हन्स आधी युरोपातली स्टेशनं पाहून आला होता. त्याने सेंट पँक्रसवरून किती उचललं, इटलीतून किती आणि आपल्या कारागिरांकडून किती, यावर जाणकार बोलत असतात. आपल्याला एवढं माहीत असावं, की त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता होते, आणि ते दगडी मोर, माकडं नि पानं-फुलं घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. आपण वहीत ज्यांची यादी केली ते प्राणी त्या मुलांचे.

थोरल्या भावाच्या पायाखाली काय होतं, हे मात्र बाईंनी तेव्हा सांगितलं नव्हतं. कदाचित आम्ही लहान होतो म्हणून.

रूळ आले त्या वाटेवर आगर टाउन नावाची गरिबांची वस्ती होती. १८४० नंतर उठलेली, कच्च्या घरांची, चिखलाची. राहणारे बहुतेक आठवड्याच्या भाड्याने राहत. मिडलंड रेल्वेने जागा घेतली आणि १८६६ मध्ये वस्ती पाडली. जमिनीच्या मालकांना पैसे मिळाले. आठवडी भाडेकरूला कायद्याने काही देणं लागत नव्हतं, म्हणून दिलंही नाही. आसपासच्या वस्त्या धरून हजारो माणसं उठली आणि शेजारच्या गल्ल्यांत आणखी दाटीवाटीने जाऊन राहिली. जुन्या सेंट पँक्रस चर्चच्या दफनभूमीतूनही रूळ गेले. तिथली थडगी हलवण्यावर देखरेख करायला एका तरुण, होतकरू वास्तुविशारदाला नेमलं होतं. त्याचं नाव टॉमस हार्डी. पुढे तो कादंबरीकार झाला. उचललेले दगड एका झाडाभोवती गोल रचलेले होते आणि ते झाड हार्डीच्या नावाने ओळखलं जाई. २०२२ च्या डिसेंबरात ते कोसळलं. मी गेलो तेव्हा दगड होते, झाड नव्हतं.

असो. आता माझ्या खात्याचा विषय.

एवढं वैभवाचं हॉटेल १९३५ साली बंद पडलं. अवघ्या बासष्ट वर्षांत. कशामुळे? मंदी होती, लोकांची आवड बदलली होती, हे सगळं खरं. पण मुख्य कारण वाचून मी मोठ्याने हसलो, आणि मुलगी म्हणाली, “बाबा, लायब्ररी आहे ही.” (हॉटेलच्या शेजारीच ब्रिटिश लायब्ररी आहे, इंडिया ऑफिसचे सगळे जुने कागद आता तिथे असतात.) कारण असं, की तीनशे खोल्यांना मिळून न्हाणीघरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १८७३ मध्ये त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. पाहुण्याच्या खोलीत नोकर गरम पाण्याची भांडी आणि आंघोळीचं टब आणून ठेवी, सकाळी रात्रीचं भांडं घेऊन जाई, शेगडीत कोळसा घाली. प्रत्येक खोलीत शेगडी. म्हणजे एका पाहुण्यामागे किती जणांची पायपीट, हिशेब करा. नोकर स्वस्त होते तोवर चाललं. मग इतर हॉटेलं खोलीला लागून न्हाणीघर देऊ लागली. मिडलंड ग्रँडला ते जमेना, कारण ज्या जाड काँक्रीटच्या जमिनींचा एवढा अभिमान, त्यांतून पाइप न्यायचे कसे? मी आयुष्यभर भिंतींना भोकं पाडून घेतली आहेत. तीन फुटांची भिंत आणि दीड-दोन फुटांची जमीन असली की पाइप टाकण्याचा खर्च पाणी पिणाऱ्याला परवडत नाही.

मित्रहो, आपल्या चाळीत तीन मजले, मजल्याला सोळा खोल्या, आणि मजल्याच्या टोकाला चार संडास. पण प्रत्येक खोलीत मोरी होती. आंघोळ आपण आपल्या घरात करत होतो. या एका बाबतीत आपली चाळ लंडनच्या सगळ्यात दिमाखदार हॉटेलापेक्षा बरी होती, हे मी जबाबदारीने लिहितो.

हॉटेल बंद झाल्यावर रेल्वेने तिथे कचेऱ्या भरल्या. नाव ठेवलं सेंट पँक्रस चेंबर्स. रंगीत भिंतींवर सरकारी रंग चढला, दिवाणखान्यात फायलींची कपाटं आली. बाहेरून धुराने इमारत काळी झाली. बाई म्हणाल्या होत्या ते हेच दिवस.

त्याआधी एक संकट टळलं होतं. १९६१-६२ मध्ये शेजारच्या यूस्टन स्टेशनची प्रसिद्ध दगडी कमान पाडली गेली. लोक ओरडत राहिले आणि ती गेली. मग १९६६ च्या सुमारास सेंट पँक्रसवर कुऱ्हाड येणार अशी चिन्हं दिसली. दोन शेजारी स्टेशनांचं एक करावं असा विचार चालला होता. व्हिक्टोरियन गोथिक म्हणजे दिखाऊ, कालबाह्य, असं शिकलेले लोकच म्हणत. कवी जॉन बेटजमन, इतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर आणि व्हिक्टोरियन सोसायटीची माणसं यांनी नेट लावला, आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. आज स्टेशनात बेटजमनचा पुतळा आहे. एका हाताने हॅट धरून, मान वर करून तो छताकडे पाहतो. पुतळ्याचा कोट वाऱ्याने उडालेला. पुतळे सहसा लोकांकडे पाहतात, हा पाहतच नाही, म्हणून मला आवडला.

पण संरक्षण म्हणजे जीवदान नव्हे. कागदावर इमारत वाचली तरी तिच्यात राहायला कुणी हवं. १९८० च्या दशकात आगीच्या नियमांत बसेना म्हणून कचेऱ्याही गेल्या. नंतरची वर्षं इमारत रिकामी. सिनेमावाले येत. स्पाइस गर्ल्सच्या ‘वॉनाबी’ गाण्याचं चित्रीकरण १९९६ मध्ये त्याच जिन्यावर झालं, हे आपल्या मुलांना सांगा, तेवढीच इतिहासात त्यांना गोडी वाटेल.

व्हीटीचं नशीब वेगळं का ठरलं, याचा विचार मी तिथे उभ्या उभ्या केला. व्हीटीच्या पुढच्या भागात कधी हॉटेल नव्हतंच, रेल्वेचं मुख्य कार्यालय होतं आणि आजही आहे. खाली गाड्या, वर कारकून. काम सुटलं नाही म्हणून जीव राहिला. १९९६ मध्ये नाव बदललं, २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पण ते तसं कधी रिकामं पडलं नाही. मुंबईतला खरा दुर्दैवी भाऊ हवा असेल तर काळा घोड्याला जाऊन वॉटसन हॉटेल पाहा. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून बोटीने आणलेला, १८६९ च्या सुमाराचा. ७ जुलै १८९६ ला ल्यूमिएर बंधूंचा सिनेमा इथेच पहिल्यांदा दाखवला गेला. पुढे हॉटेल बंद झालं, एस्प्लनेड मॅन्शन झालं, खोल्यांच्या खोपट्या झाल्या, गोठवलेल्या भाड्यात दुरुस्ती कोण करणार, आणि २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला. सेंट पँक्रसही त्या वाटेने जाऊ शकलं असतं.

नाही गेलं, कारण बोगदा. खाडीखालच्या बोगद्यातून येणाऱ्या गाड्यांसाठी लंडनला नवं ठाणं हवं होतं, आणि त्यासाठी सेंट पँक्रस निवडलं गेलं. बार्लोची शेड धुतली, काचा नव्या बसवल्या, आणि १४ नोव्हेंबर २००७ पासून पॅरिसच्या गाड्या तिथून सुटू लागल्या. मग पुढच्या हॉटेलला हात घालायला हॅरी हँडल्समन यांची मॅनहॅटन लॉफ्ट कॉर्पोरेशन ही कंपनी आली. खर्च अंदाजाबाहेर गेला. ५ मे २०११ ला, म्हणजे बरोबर १३८ वर्षांनी, हॉटेल पुन्हा समारंभाने उघडलं. खोल्या २४५, पण त्यातल्या जुन्या इमारतीत फक्त ३८. बाकीच्या शेडला लागून बांधलेल्या नव्या विटांच्या भागात, जिथे पाइप हवे तसे टाकता आले. मग जुन्या इमारतीचे वरचे मजले? तिथे ६७ फ्लॅट काढले आणि विकले.

यातला एक फ्लॅट मी आतून पाहिला. मुलीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी भाड्याने घेतला आहे. त्यांना म्हणे आमची मुंबईची चाळ ऐकायची होती, आणि मला त्यांचं घर पाहायचं होतं. सौदा बरोबरीचा झाला.

दार हॉटेलपेक्षा वेगळं. आत लिफ्ट, मग रुंद, शांत बोळ. फ्लॅटचं दार उघडलं आणि मी आधी छताकडे पाहिलं. खोली लहानच, आपल्या दोन खोल्यांएवढी, पण उंची अशी की वर एक आडवा माळा टाकून त्यावर झोपायची जागा केलेली. शिडीवजा जिना. मी म्हटलं, “हा तर पोटमाळा!” मुलीने भाषांतर करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. खिडक्या टोकदार, जुन्याच. त्यांच्या आतून दुसरी काच बसवलेली, यूस्टन रोडच्या आवाजासाठी. स्वयंपाकघर भिंतीला न टेकता उभं केलंय, कपाटासारखं, कारण जुन्या भिंतीला खिळा मारायचा तरी परवानगी लागते. न्हाणीघर पाहायची मी परवानगी मागितली. त्या बाई जरा चमकल्या, मुलगी लाजली. पण माझं काम तेच. पाइप जमिनीतून न नेता वर चढवलेल्या पायरीखालून नेले होते, म्हणून न्हाणीघरात शिरताना एक पायरी चढावी लागते. नव्वद-शंभर वर्षं ज्या अडचणीने या घराचा जीव घेतला, तिचं उत्तर एका पायरीत होतं. तंत्रज्ञान तसं काही मोठं नाही. मोठा होता तो खर्च, आणि तो द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक.

या वरच्या मजल्यांवर एके काळी नोकर राहत. ज्यांनी खालून पाणी आणि कोळसा वर नेला, त्यांच्या खोल्या. आज त्याच छपराखाली लंडनमधल्या महागड्या घरांतली काही घरं आहेत. मनोऱ्याच्या घड्याळामागेसुद्धा एक फ्लॅट आहे. आगर टाउनच्या माणसांचे वंशज यात कुणी असतील असं मला वाटत नाही. तरी इमारत उभी आहे, आणि जिना उभा आहे. लाल भिंतीवर सोनेरी फुलं, वर निळ्या छतात तारे. मी त्या जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला आणि मला काकू आठवल्या.

हे लिहू की नको, यावर मी दोन महिने घेतले. आपल्यातले बरेच जण त्याच चाळीतले, त्यामुळे गोष्ट तुम्हाला अर्धी माहीत आहे. अर्धी माहीत नाही.

२००६ मध्ये चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा मी भाडेकरू समितीचा चिटणीस होतो. ३३ (७) कलमाखाली सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागायची. अठ्ठेचाळीस खोल्या, म्हणजे चौतीस सह्या. तेहतीस झाल्या आणि गाडी अडली. चौतिसावी काकूंची. काकू म्हणजे आपल्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसायची, निबंध नेहमी वर्गात वाचून दाखवला जायचा, तिची आई. मी संध्याकाळी गेलो. काकूंनी पोहे केले. मी २२५ चौरस फुटांचा नकाशा पसरला, आत संडास, आत बाथरूम, गॅलरी नाही पण खिडकी आहे. काकूंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “जिन्याचं काय करणार?”

चाळीचा जिना सागवानी होता. मधल्या चौकातला, दोन्ही बाजूंनी चढणारा, गज कातलेले, खालच्या खांबावर कमळ. त्या जिन्यावर आपण अभ्यास केला, पत्ते खेळलो, कित्येकांची लग्नं तिथेच बघून ठरली. मी म्हणालो, “काकू, लिफ्ट येणार आहे.” मला ते उत्तर तेव्हा हुशारीचं वाटलं. काकूंनी सही केली.

जिना ठेवता आला असता का? मुंबईत वारसा इमारतींचे नियम १९९५ पासून आहेत, देशात पहिले, पण आपली चाळ कुठल्याच यादीत नव्हती. तिचा कुणी स्कॉट नव्हता. टेकू लावून उभ्या होत्या दोन बाजू, आणि पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर झोप लागत नव्हती. पाडायलाच हवी होती, असं मी आजही म्हणतो. पण जिना सोडवून नव्या इमारतीच्या तळमजल्यावर बसवा, निदान खांब तरी ठेवा, एवढं करारात एक ओळ घालून मागता आलं असतं. मी मागितलं नाही. कारण मला सुचलंच नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या कंपनीला आगर टाउनचे भाडेकरू सुचले नव्हते, तसंच. फरक एवढाच, की मी स्वतः भाडेकरू होतो.

नवी इमारत व्हायला आठ वर्षं लागली. काकू पाचव्या वर्षी संक्रमण शिबिरात गेल्या. ती संध्याकाळ आणि ती सही यांबद्दल मी त्यांच्या मुलीशी आजवर बोललेलो नाही. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलते, त्यामुळे आणखीच अवघड होतं.

आता घड्याळाची गोष्ट. सेंट पँक्रसच्या शेडमध्ये एक भलंमोठं घड्याळ होतं. १९७० च्या दशकात रेल्वेने ते एका अमेरिकन संग्राहकाला विकायचं ठरवलं. खाली उतरवताना ते निसटलं, फलाटावर पडलं आणि त्याचे तुकडे झाले. सौदा मोडला. रेल्वेतल्या एका गार्डने ते तुकडे पंचवीस पौंडांना विकत घेतले, नॉटिंगहॅमशायरमधल्या आपल्या घरी नेले, आणि निवृत्तीनंतर जोडून जोडून कोठाराच्या भिंतीवर बसवले. स्टेशनचं नूतनीकरण निघालं तेव्हा तसंच घड्याळ पुन्हा करायचं होतं. मूळ घड्याळ करणाऱ्या डेंट कंपनीने त्या गार्डच्या भिंतीवरून मापं घेतली. आज शेडमध्ये लटकतं ते त्यावरून केलेलं.

ही गोष्ट वाचली तेव्हा आपल्या विकेटकीपरची आठवण झाली. पाडकाम चालू असताना तो डोंबिवलीहून रोज संध्याकाळी येऊन उभा राहायचा. लाकूड ट्रकमध्ये भरत होते तेव्हा मुकादमाला पैसे देऊन त्याने खालच्या खांबाचं कमळ आणि कठड्याचे चार गज घेतले, गोणपाटात गुंडाळून लोकलने नेले. तेव्हा आम्ही सगळे त्याला हसलो होतो. मीही. ते कमळ त्याच्या माळ्यावर अजून आहे, मागच्या दिवाळीला मी विचारून घेतलं.

तर बाबा रे, संमेलनाला येताना ते घेऊन ये. फोटो नको. जड असेल तर मी डोंबिवलीला येतो, दोघे मिळून आणू, सकाळची स्लो पकडू म्हणजे ठेवायला जागा मिळेल. व्हीटीपर्यंत येऊ आणि तिथून टॅक्सी. खिडकीजवळच्या बाकावरची येणार आहे, तिने कळवलं आहे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तिच्याशी मला थोडं बोलायचं आहे आणि तेव्हा ते कमळ तिथे असलेलं बरं.